ऐरोली सोडली तिथेच गणित बिघडलं

संदीप नाईकांचा विषय निघाला की नवी मुंबईत चर्चा त्यांच्या वडिलांवर, गणेश नाईकांवर सुरू होते आणि तिथेच संपते. मला हे पटत नाही. २०१४ आठवा. मे महिन्यात ठाणे लोकसभेला त्यांचे भाऊ संजीव नाईक पडले. ऑक्टोबरमध्ये विधानसभेला बेलापुरात खुद्द गणेश नाईक भाजपच्या मंदाताई म्हात्रेंकडून हरले. त्याच निकालात संदीप नाईकांनी शेजारचा ऐरोली मतदारसंघ राखला. नुसत्या आडनावावर निवडून यायचं असतं तर तिघंही आले असते! नगरसेवक, स्थायी समितीचे सभापती, २००९ ला आमदार, या वाटेवर त्यांनी स्वतःची मतं बांधली होती.

२०१९ ला भाजपने ऐरोलीचं तिकीट त्यांनाच जाहीर केलं होतं. बेलापूरचं भाजपचं तिकीट मंदाताईंकडेच राहिल्यावर त्यांनी वडिलांसाठी ऐरोली सोडली. घरच्यांना तो त्याग वाटला असेल. मला ते मतदारसंघाचं नुकसान वाटतं.

आमदारनिधी आज वर्षाला ५ कोटी. हजारो कोटींचं बजेट असलेल्या महापालिकेत त्यात गटारं, सभामंडप, एखादी व्यायामशाळा होते. आमदाराचं खरं वजन सभागृहात कळतं. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात तो, नेमका लिहावा लागतो, मोघम लिहिला की 'कार्यवाही सुरू आहे' एवढंच छापील उत्तर येतं. मग अर्ध्या तासाची चर्चा मागायची, लक्षवेधी सूचना लावून घ्यायची. गावठाणात भूमिपुत्रांनी गरजेपोटी बांधलेली घरं असोत की जमीन गेलेल्यांना द्यायचे साडेबारा टक्क्यांचे भूखंड, फाईल सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ), पालिका आणि नगरविकास खातं यांच्यात फिरत राहते. ती नेमकी कोणत्या टेबलावर अडकली आहे हे उमगायलाच पहिली टर्म जाते. दोन टर्म काढलेला माणूस घरातल्या वाटणीसाठी बाहेर बसवायचा, हे मला आजही खटकतं.

आणि २०२४. २२ ऑक्टोबरला भाजप सोडून शरद पवारांच्या पक्षात प्रवेश, २० नोव्हेंबरला मतदान. महिनाभरात नवं चिन्ह घरोघरी पोचवायचं. शेजारच्या ऐरोलीत वडील कमळावर, बेलापुरात मुलगा तुतारीवर. घणसोली-कोपरखैरण्याची पोरं प्रचाराला नेरुळ-सीवूड्सला येतीलही, पण बूथवर बसणार कशी? पोलिंग एजंट, म्हणजे बूथवरचा उमेदवाराचा प्रतिनिधी, त्याच विधानसभेचा मतदार लागतो. सकाळी मॉक पोलला (यंत्राच्या चाचणी मतदानाला) हजर राहायचं, दिवसभर यादीवर टिक मारत बसायचं, शेवटी १७-सी ची, म्हणजे झालेल्या मतांच्या हिशेबाच्या फॉर्मची, प्रत हातात घेऊन मगच निघायचं. हे काम तिथलीच, ओळखीची माणसं करतात. ती वर्षानुवर्षं जपावी लागतात.

संदीप नाईक ३७७ मतांनी हरले. बूथमागे जेमतेम एखादं मत! ऐरोलीत जपलेली माणसं त्या दिवशी दुसऱ्या मतदारसंघात होती.

पुढे ते कुठूनही, कोणत्याही चिन्हावर उभे राहोत, मला त्यांच्याकडून एकच कागद हवाय: दहा वर्षांत सभागृहात विचारलेले प्रश्न आणि त्यातले किती तडीस नेले त्याची यादी. कार्यवृत्तात ते सगळं नोंदलेलं असतं. घराण्याची पुण्याई सांगणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडे आपण मतदारांनी हीच यादी मागायला हवी.