बंद पडलेली हार्ड डिस्क आणि घरगुती उपाय: फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

दरवर्षी आगोट जवळ आली, विजा कडाडू लागल्या आणि लाईटचा खेळखंडोबा सुरू झाला की रत्नागिरी-चिपळूणकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश नव्याने फिरू लागतो. ‘लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली? घरच्या घरी डेटा परत मिळवा, लॅबवाल्यांची लूट टाळा’ असा त्याचा मथळा आहे. डिस्क पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, नाही चालली तर झाकण उघडून आतली तबकडी बोटाने फिरवा, तशाच दुसऱ्या डिस्कची हिरवी पट्टी बसवा, विंडोजमधले चेकडिस्क चालवा, पुरात भिजली असेल तर उन्हात वाळवून तांदळाच्या डब्यात ठेवा, असे उपाय त्यात सांगितले आहेत. शेवटी, कोलंबिया हे अवकाशयान जळून पडले तरी त्यातल्या डिस्कवरचा डेटा मिळाला, मग तुमचा का नाही मिळणार, असा दिलासाही आहे. संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करत असल्यामुळे या उपायांनंतरच्या डिस्क माझ्या टेबलावर येतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मुळात संदेशाची पहिली ओळच घाईची आहे. लॅपटॉप सुरू होत नाही याचा अर्थ डिस्क गेली असा होत नाही. चार्जर, मदरबोर्ड, रॅम यांपैकी काहीही बिघडलेले असू शकते, आणि अशा वेळी डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला जोडली की सगळ्या फायली जागच्या जागी दिसतात. मात्र जोडल्यावर डिस्क एका लयीत टक् टक् असा आवाज करू लागली, किंवा घासल्यासारखी कुरकुरली, तर त्याच क्षणी वायर काढावी. तो आवाज बहुधा डेटा वाचणाऱ्या टोकाला, म्हणजे हेडला, आत फिरणाऱ्या तबकडीवरच्या खुणा सापडत नसल्याचा असतो, आणि पुढचा प्रत्येक सेकंद नुकसानीचा ठरू शकतो.

फ्रीझरचा उपाय निव्वळ थाप नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जुन्या डिस्कमध्ये वीज बंद झाली की हेड तबकडीवरच टेकत असे, कधी तिथेच चिकटून बसे, आणि थंडीने धातू आकसल्यामुळे ती पकड क्वचित सुटतही असे. पुढे लॅपटॉपच्या डिस्कमध्ये हेड तबकडीबाहेरच्या एका उतरणीवर विसावू लागले आणि या उपायामागचे मूळ कारणच बहुतांशी उरले नाही. उरला तो तोटा. जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. फ्रीजमधून काढलेल्या कोकम सरबताच्या बाटलीला दोन मिनिटांत बाहेरून जसा पाझर फुटतो, तसाच तो गोठवलेल्या डिस्कलाही फुटतो. साधी हार्ड डिस्क हवाबंद नसते. आतला आणि बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून तिच्या झाकणाला गाळणी लावलेले बारीक भोक असते आणि त्यावर ते बुजवू नका असे छापलेलेही असते. त्या वाटेने दमट हवा आत जाते, तिचे दव तबकडीवर धरते आणि मग आपण वीज चालू करतो.

झाकण उघडण्याचा सल्ला मात्र सरळ घातक आहे. लॅपटॉपची साधी डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला नव्वद. अडीच इंची तबकडीची कडा त्या वेगाने ताशी पासष्ट किलोमीटरच्या आसपास पळत असते. मुंबई-गोवा महामार्गावर एसटीला पावसाळ्यात तेवढा वेग मिळेलच असे नाही. त्या पळत्या तबकडीवर हेड अवघे काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. माणसाचा केस जाडीला सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर भरतो, म्हणजे पडवीत उडणारा धुळीचा साधा कणही त्या हेडपुढे डोंगराएवढा आहे. म्हणूनच हे काम गाळलेल्या हवेच्या स्वच्छ कक्षात करतात.

गेल्या पावसाळ्यात एका गावच्या नमन मंडळाचे, म्हणजे कोकणातले नमन हे लोकनाट्य करणाऱ्या मंडळाचे, एक कार्यकर्ते अशी उघडलेली डिस्क घेऊन आले. मंडळाच्या अनेक वर्षांच्या प्रयोगांच्या चित्रफिती त्या एकाच डिस्कवर होत्या. सगळे स्क्रू काढूनही झाकण निघेना, तेव्हा स्टिकरखाली लपलेल्या स्क्रूचा विचार न करता त्यांनी ते पेचकसाने उचकटले होते. मी ती ट्यूबलाइटखाली तिरपी धरली. आरशासारख्या लखलखीत तबकडीवर अंगठ्याचा ठसा रेषेन् रेषेसह उमटलेला होता आणि त्याच्या पुढे, मध्याच्या जवळ, करड्या रंगाचे एक बारीक कडे होते. डिस्क नंतर सुरू केली होती का, असे मी विचारले. ‘दोनदाच,’ ते म्हणाले. त्या कड्याच्या जागी चुंबकीय थर खरवडून गेला होता, आणि जिथे थरच नाही तिथे वाचायला काही उरत नाही.

हिरवी पट्टी, म्हणजे सर्किट बोर्ड, बदलण्याच्या उपायाबाबत दोनच गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. फार जुन्या डिस्कमध्ये तो चालत असे. अलीकडच्या बहुतेक डिस्कमध्ये त्या-त्या डिस्कच्या हेडची कारखान्यात जुळवलेली मोजमापे बोर्डावरच्या एका चिपमध्ये साठवलेली असतात, त्यामुळे मॉडेल तंतोतंत तेच असले तरी ती चिप किंवा तिच्यातली माहिती नव्या बोर्डावर नेल्याशिवाय डिस्क ओळख देत नाही. वीज पडून बोर्ड जळाला असेल तर जुना बोर्ड कचऱ्यात टाकू नये, हे आमच्याकडे विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

चेकडिस्कबद्दलचा गैरसमज सर्वांत खोल रुजलेला आहे, कारण दुरुस्ती करणारेही काही जण तो पसरवतात. चेकडिस्क हे डेटा परत मिळवण्याचे साधन नाही. फाइल-व्यवस्थेतली विसंगती मिटवण्याचे साधन आहे, आणि ती मिटवण्यासाठी ते त्याच डिस्कवर लिहिते. निरोगी डिस्कवर ते उपयोगी आहे. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर मात्र ते तासन्‌तास प्रत्येक कोपरा वाचायला लावते, न जुळणाऱ्या नोंदी छाटते, आणि लग्नाच्या फोटोंऐवजी नाव-गाव नसलेल्या तुकड्यांचे एक फोल्डर हाती ठेवते. फुकट मिळणाऱ्या रिकव्हरी सॉफ्टवेअरचे तसे नाही. चुकून फाइल पुसली गेली, पार्टिशन, म्हणजे डिस्कचा आखलेला भाग, उडाले, पण डिस्क धडधाकट आहे, अशा वेळी टेस्टडिस्क किंवा फोटोरेक यांसारखी मोफत साधने खरोखर चांगले काम करतात. अट एवढीच की ती त्याच डिस्कवर चढवू नयेत आणि सापडलेल्या फायलीही त्याच डिस्कवर साठवू नयेत.

डिस्क आवाज न करता नुसती रखडत असेल, स्मार्ट तपासणीत, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या नोंदीत, वाचता न आलेल्या सेक्टरांचा (तबकडीवरच्या छोट्या कप्प्यांचा) आकडा वाढत असेल, तर आधी तिची हुबेहूब प्रत काढावी लागते. जीएनयू डीडीरेस्क्यू हे लिनक्सवरचे साधन आधी सुखासुखी वाचता येणारा भाग उचलते, अडणारी जागा सोडून पुढे जाते आणि शेवटी त्या जागांकडे परत वळते. काय मिळाले आणि काय राहिले याची नोंद ते एका फाइलीत ठेवते, त्यामुळे मध्येच लाईट गेली तरी काम पहिल्यापासून करावे लागत नाही. पुढची सगळी खटपट त्या प्रतीवर करायची असते.

तांदळाच्या डब्याविषयी लिहिताना २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आठवल्याशिवाय राहत नाही. वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि दुकानांतले संगणक त्याखाली गेले. अशी गाळाच्या पाण्यात बुडालेली डिस्क वाळवणे हीच चूक आहे. पाणी उडून जाते, पण त्यातला गाळ आणि क्षार तबकडीवर घट्ट बसतात, आणि खाडीचे खारे पाणी असेल तर गंजही झपाट्याने धरतो. म्हणून ती पुसू नये, उन्हात ठेवू नये, चालू तर मुळीच करू नये. ओलसर फडक्यासह घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून शक्य तितक्या लवकर लॅबकडे पाठवावी. तांदूळ तिच्या आतली ओल तर ओढत नाहीच, वर स्वतःचा कोंडा सोडतो.

नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा एसएसडी, म्हणजे चिपांवर डेटा साठवणारी डिस्क, असते, तिच्यात फिरणारे काहीच नसते, म्हणून तिला हा संदेश लागूच पडत नाही. तिथे पुसलेली फाइल, तिची जागा आपोआप मोकळी करणाऱ्या ट्रिम या सोयीमुळे, थोड्याच वेळात कायमची जाऊ शकते, आणि डिस्कवरच्या डेटाला कुलूप घालणारे विंडोजचे बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की नसताना लॅबही हतबल असते.

लॅबवाले लुटतात या आरोपात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. खर्च मोठा येतो, आणि स्वच्छ कक्ष नसताना लॅबची पाटी लावणारेही आहेत. तपासणीनंतर लेखी अंदाज मागावा, डेटा न मिळाल्यास पैसे घेणार का हे आधीच विचारावे, आणि डिस्क आपल्याला न विचारता उघडणार नाही अशी कबुली घ्यावी. माझ्याकडे स्वच्छ कक्ष नाही, त्यामुळे टक् टक् करणारी डिस्क मी स्वतः हाताळत नाही. फोम आणि बबल रॅपमध्ये बांधून मुंबईला किंवा पुण्याला पाठवायला सांगतो.

आता कोलंबियाचे उदाहरण. ते खरे आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी यान फुटले, अवशेषांत जळून विद्रूप झालेली एक डिस्क सापडली आणि तिच्यावरचा सुमारे ९९ टक्के डेटा परत मिळाला. पण ते काम डेटा रिकव्हरीच्या व्यावसायिक लॅबने केले: तबकड्या काढून रसायनाने स्वच्छ केल्या आणि दुसऱ्या डिस्कच्या सांगाड्यात बसवल्या. डिस्क जुनी, आजच्या मानाने फार विरळ नोंदीची होती, जेमतेम निम्मी भरलेली होती, आणि तबकडीला जिथे इजा झाली तिथे सुदैवाने काही लिहिलेले नव्हते. नमन मंडळाच्या कार्यकर्त्यांनी माझ्यापुढे हेच उदाहरण ठेवले होते. त्यांची डिस्क काठोकाठ भरलेली होती. ती मी तशीच मुंबईला पाठवली. आठवड्याने लॅबचे उत्तर आले की तबकडीचा थर गेला आहे, काही मिळणार नाही. आता ते जुन्या प्रेक्षकांच्या मोबाइलमधून प्रयोगांचे तुकडे गोळा करत आहेत.