जहाजावरचे शब्द राहिले

इंग्रजी शब्दांचं स्पेलिंग एक आणि उच्चार दुसरा, यावरच्या तुमच्या लेखात कर्नलचा उच्चार आलाय, स्पेलिंगमध्ये एल असून आपण र का म्हणतो ते, छान समजावलंय. पण जहाजावरचे शब्द राहिले म्हणून लिहितोय, माझी अर्धी नोकरी बोटीवर गेली. पहिल्या दिवशी मला 'बोसनला भेट' म्हणून सांगितलं आणि मी हातातल्या कागदावर बोसन शोधतोय, कागदावर होतं बोटस्वेन! तो डेकवरच्या खलाशांचा मुकादम असतो. यातला स्वेन म्हणजे जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेत पोरगा, नोकर, म्हणजे बोटीवरचा पोरगा असा मूळ अर्थ. तसंच जहाजाच्या पुढच्या भागाला फोरकॅसल लिहायचं आणि म्हणायचं फोक्सल. जुन्या लढाऊ जहाजांना पुढच्या बाजूला खरंच किल्ल्यासारखा उंच माचा असायचा त्यावरून ते नाव पडलं, माचा गेला तरी नाव तिथेच आहे. आणि होडीच्या वरच्या काठाला गनवेल नाही, गनल म्हणतात बरं का. बोसन आणि फोक्सल हे आता उच्चाराप्रमाणे लिहिलेले पण चालतात, डिक्शनरीत दोन्ही सापडतील. पोरं कोकणातून एवढी मर्चंट नेव्हीत जातात, त्यांना हे आधीच कोणीतरी नीट शिकवायला हवं, मुलाखतीत बिचारी स्पेलिंगप्रमाणे वाचतात.