आठवं अक्षर बघून इंजिन ओळखा म्हणे

नाशिकच्या आडगाव ट्रक टर्मिनलपासून पिंपळगावच्या मार्केटपर्यंत ज्याच्या त्याच्या व्हॉट्सॲपवर सध्या एकच मेसेज फिरतोय, की जुना ट्रक घेताना इंजिनला हात लावायची गरजच नाही. चेसी नंबरचं आठवं अक्षर म्हणजे इंजिनचा कोड, गाडीवरचा मॉडेल नंबर म्हणजे इंजिन, रंगावरून कंपनी कळते, डिझेल पंपाच्या प्लेटवरून इंजिनची साईझ कळते आणि एवढं करून नाहीच कळलं तर आरसीवर लिहिलेलंच असतं. वाचायला भारी वाटतं, पण यातलं बहुतेक गाडीबद्दल आहे, आत्ता आत बसलेल्या इंजिनबद्दल नाही, आणि वीस वर्षं कांदा नाहीतर द्राक्षं वाहिलेल्या गाडीत पहिलंच इंजिन असेल असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

आठव्या अक्षराचं आधी बघू. ही अमेरिकन गाड्यांची पद्धत आहे, तिकडच्या पिकअपला आठवं अक्षर इंजिनचं असतं, कोणीतरी तिकडचं उचलून इकडे चिकटवलंय. १७ अक्षरी चेसी नंबरात पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची, टाटाची एमएटी, लेलँडची एमबी१, आणि चौथ्यापासून नवव्यापर्यंत काय लिहायचं ते ज्या त्या कंपनीचं स्वतःचं गणित. त्यात आठव्याचा अर्थ सगळ्यांना सारखा नाही. आणि मुळात जुन्या टाटाचा चेसी नंबर १७ अक्षरी असतो कुठे, आधी आकडे, मग दोन-तीन अक्षरं, मग परत आकडे. तिथे आठवं मोजून काय हाती लागणार?

मॉडेल नंबरवर मात्र जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. टाटा १६१३ मधले १६ म्हणजे साधारण १६ टन भरलेलं वजन आणि १३ म्हणजे १३० च्या आसपास हॉर्सपॉवर. इंजिन कुठलं ते त्यात कुठेच नाही. १६१३ टाटाच्या स्वतःच्या ६९७ इंजिनवर पण आली आणि कमिन्स ६बीटीवर पण. दोन्ही सहा सिलिंडर, दोन्ही डिझेल, पण ६९७ ला बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ९७ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) १२८, म्हणजे ५६७५ सीसी, आणि कमिन्सला बोअर १०२, स्ट्रोक १२०, म्हणजे ५८८३ सीसी. काउंटरवर जाऊन नुसतं "१६१३ चं लायनर-पिस्टन किट द्या" म्हणालात तर दुकानदार उलटा प्रश्न विचारणारच, आणि नाही विचारला तर दुकान बदला. ६९७ मधला ६ म्हणजे सिलिंडर आणि ९७ म्हणजे बोअर, एवढं कळलं की अर्धं काम झालं, अर्धंच म्हणतोय कारण ४९७ बघा. ४०७ मधलं ४९७ एसपी २९५६ सीसीचं, स्ट्रोक १००, आणि ७०९ मधलं ४९७ टीसी ३७८३ सीसीचं, स्ट्रोक १२८. बोअर तेच, स्ट्रोक ठरवणारा क्रँक वेगळा. म्हणून नुसतं "४९७ आहे" म्हणून भागत नाही, पुढची अक्षरं पण वाचायची.

रंगाचं तर सोडूनच द्या, गॅरेजमध्ये इंजिन काम झालं की जो डबा उघडा असेल तो रंग मारतात.

पंपाच्या प्लेटवर जे लिहिलंय ते पंपाचं. मायको सर्कलवरून रोज जाणाऱ्या माणसाला तरी हे सांगायला नको, सातपूरला मायकोच्या, म्हणजे आताच्या बॉशच्या कारखान्यात नोझल-इंजेक्टर बनतात तेव्हा त्यावर पडणारा नंबर हा त्या पार्टचाच असतो. पंप रिपेअरला जातो, एक्सचेंजमध्ये दुसराच येतो, प्लेट त्याच्याबरोबर आली.

आता आरसी. हा मुद्दा अगदीच खोटा नाही, उलट मेसेजमधला हाच एक कामाचा आहे. जुन्या टाटाचा इंजिन नंबर बहुतेक वेळा ४९७एसपी, ६९७टीसी असाच सुरू होतो, कमिन्सचा तसा होत नाही, शिवाय सीसीचा रकाना असतो, ५६७५ का ५८८३ ते बघून घ्या. पण आरसी सांगते की पासिंगच्या वेळी काय होतं. इंजिन बदललं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओला कळवायचं असतं, पण अंबड लिंक रोडचा भंगार बाजार जोरात होता तेव्हा तिथून हाफ इंजिन (हेड सोडून खालचं इंजिन) आणून रातोरात बसवणाऱ्यांपैकी पेठ रोडच्या आरटीओत कितीजण गेले असतील ते तुम्हीच ठरवा.

म्हणून हात काळे करायलाच लागतात. टॉर्च, वायर ब्रश, डिझेलमध्ये बुडवलेलं फडकं घ्या आणि ब्लॉकवर (सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनचा मुख्य ओतीव भाग) पंच केलेला नंबर शोधा, रिव्हेट मारलेली प्लेट नव्हे, ती काढून दुसरीकडे लावता येते. नंबर दिसला की फोटो काढा, नंबरावर कागद धरून पेन्सिल घासून प्रिंट घ्या, आरसीशी एकेक अक्षर लावून बघा. त्या जागी ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा असल्या किंवा अक्षरं वरखाली, वेगवेगळ्या साईझची दिसली तर मालकाला आधी ब्लॉकचं बिल मागा, भावाचं नंतर बोलू. जुनं १२ व्हॉल्व्हचं ६बीटी तर नंबर नसला तरी ओळखू येतं, वर सहा सिलिंडरची सहा वेगवेगळी झाकणं असतात. त्याची प्लेट पुढे टायमिंग गियरच्या हाऊसिंगवर असते, पार्ट मागवायला तिच्यावरचा सिरियल नंबर आणि सीपीएल नंबर (त्या इंजिनच्या पार्टच्या यादीचा नंबर) दोन्ही लिहून घ्या. एकाच ६बीटीत पिस्टन, टर्बो, कॅम वेगवेगळे बसलेत आणि काउंटरवाला ते याच नंबरांवरून काढतो.