४५ गुणिले १०

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. दारव्हा तालुक्यातल्या एका पोरीनं रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवला. मोबाईलवरच लिहिलेला पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेतला सातआठ ओळींचा प्रोग्राम. माय कापूस वेचायला जाते, तिची मजुरी काढायची होती. ४५ किलो, १० रुपये दर. उत्तर यायला पाहिजे ४५०. आलं होतं ४५४५४५४५४५४५४५४५४५४५.

खाली मेसेज : "दादा, माय म्हणते एवढी मजुरी कोण देते ते इचार."

मी हसलो, मग समजावलं. इनपुटमधून घेतलेला आकडा पायथनच्या लेखी आकडा नसतोच, नुसती अक्षरं असतात. अक्षरांना १० नं गुणलं की तीच दहा वेळा एकापुढं एक लागतात. आधी 'इंट' लावून त्याचा आकडा करून घ्यावा लागतो. दोन मिनिटांचं काम. ती मात्र दोन दिवस अडकली होती आणि "हे आपल्या डोक्याचं काम नाही" म्हणून सोडायच्या बेतात होती. हे तिनं फार नंतर सांगितलं.

आता कुणी म्हणेल, यूट्यूबवर सगळं फुकट आहे, ज्याला शिकायचं तो शिकतो. खरं आहे, आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल तर मराठीतसुद्धा आहेत. आयटीआयला कोपा हा वर्षभराचा कॉम्प्युटरचा कोर्स आहे. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. एवढं सगळं आहे, आणि तरी रात्री साडेनऊला ज्याला विचारावं असा माणूस आमच्या गावात एकही नाही.

मी स्वतः यातूनच गेलो. होस्टेलला शेजारच्या खाटेवर एक पोरगा होता, त्याचे काका पुण्यात आयटीत. बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी, डिग्री तिन्हीकडं ६० टक्के मागतात, शिक्षणात मधे पडलेल्या गॅपबद्दल विचारतात, हे त्याला पहिल्याच वर्षी माहीत होतं. मला कळलं शेवटच्या वर्षी, रांगेत उभा असताना. बारावीला मला ५८ होते. आता काय करता! मग नागपुरात 'नोकरीची हमी' देणाऱ्या एका क्लासला सोयाबीनचे पैसे भरले. तिथं शिकवणं कमी आणि बॅनरपुढं उभं करून फोटो काढणं जास्त. हमीचं विचारायला गेलो तर म्हणे, तुमचं कम्युनिकेशन कच्चं आहे.

नोकरी शेवटी लागली ती एका सीनियरच्या रेफरलवर. या शब्दाची मला गंमत वाटते. गावात कुणी साहेबाला सांगून पोराला चिकटवलं की तो वशिला. कंपनीत तेच केलं की रेफरल, वर बोनसही मिळतो. मला रेफरलचा राग नाही, माझं पोट त्यावरच चालतं. पण ज्याच्या सात पिढ्यांत, जातीत, पाड्यावर कुणी कंपनीचं गेट पाहिलं नाही, त्याला रेफर करणार कोण? नागपूरच्या मिहान या औद्योगिक भागात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल सगळ्या आहेत. यवतमाळहून दीडशे किलोमीटर. आमच्या पोट्ट्यांना ते अंतर दुबईएवढं वाटते.

म्हणून सरकारी योजना असो की कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकामाचा पैसा, मला एकच म्हणायचं आहे. टॅब वाटा, सर्टिफिकेटं वाटा, पण आधी एका पोरामागं एक माणूस लावा. वर्षभर, आठवड्याला एक तास. त्यानं कोडिंग शिकवलंच पाहिजे असंही नाही. सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) तीन लाख म्हणजे महिन्याला हातात पंचवीस हजार येत नाहीत, ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या बॉण्डवर सही करण्याआधी काय वाचायचं, गॅपचं ॲफिडेव्हिट कुठं करायचं, 'किंग ऑफ विदर्भ' असला ईमेल आयडी बायोडेटावर का टाकू नये, एवढं सांगितलं तरी पुष्कळ. (तो आयडी माझाच होता.)

आणि हो, एका दिवसाचं 'मार्गदर्शन शिबिर' घेऊन शाल-श्रीफळ घेऊन जाणाऱ्यांनी कृपया येऊ नये. पोरं टाळ्या वाजवतात, सेल्फी घेतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच अक्षरं दहा वेळा छापलेली असतात.

माझा हिशेब काही फार मोठा नाही. तीन वर्षांत सहा जणांना असा वेळ दिला. एक पोलीस भरतीकडं वळला, एकीचं वैशाखात लग्न लावून दिलं, एकानं फोन उचलणंच बंद केलं. त्याचं मला अजून लागते, माझंच कुठंतरी चुकलं असेल. दोघं शिकत आहेत.

सहावी ती कापसाच्या हिशेबावाली. गेल्या महिन्यात तिला नागपुरात सपोर्टची नोकरी लागली, पण शिफ्ट रात्रीची. तिच्या बाबांचा फोन आला. पगार विचारला नाही, कंपनी विचारली नाही.

"भाऊ, रातच्या गाडीत पोरीच्या संगं कोण राह्यते?"

मला माहीत नव्हतं. म्हटलं, विचारून सांगतो. तिथं काम करणाऱ्या एका ताईचा नंबर मिळवला, तिला विचारलं, मग थेट तिचंच त्यांच्याशी बोलणं करून दिलं. गाडी दारापर्यंत येते, पोरगी शेवटी उतरणार असली तर सोबत गार्ड असतो, ड्रायव्हरचा नंबर आधी मोबाईलवर येतो.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मंग जाऊ द्या तिले."