छोट्या फॉरवर्डला दोन गोलांची फूटपट्टी लावू नका

फूटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा, मोसम अर्ध्यावर आला की एक दावा हमखास फिरू लागतो. मेलबर्नच्या ट्रेनमध्ये तो ऐकू येतो, ऑफिसात ऐकू येतो आणि आता आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवरही येतो. दावा थोडक्यात असा: छोटा फॉरवर्ड, म्हणजे गोलजवळ खेळणारा कमी उंचीचा गडी, ही संघाला न परवडणारी चैन आहे. सामन्याला दोन गोल येत नसतील तर त्याला बाहेर बसवा. टॅकल (चेंडूवाल्याला पकडणं) आणि प्रेशर (त्याच्यावर दडपण आणणं) यांचे आकडे म्हणजे गोल न मारण्याचे बहाणे. जे गोल येतात तेही चेंडू कसा उसळला त्यावर, म्हणजे नशिबाचे. मोठ्या सामन्यात हा गडी दिसत नाही. आणि असे चपळ पोरगे ड्राफ्टच्या, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या पद्धतीच्या, तळाशी ढिगाने मिळतात, मग त्यांची किंमत ती काय?

यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा चुकीचा आहे. एका तुकड्यात थोडं तथ्य आहे, त्याकडेही येतो.

ज्यांनी एमसीजी फक्त बॉक्सिंग डे कसोटीपुरतं पाहिलंय त्यांच्यासाठी आधी खेळाचं थोडं. मैदान लंबवर्तुळाकार, लांबी साधारण १६० मीटर. एका बाजूचे १८ खेळाडू एकाच वेळी मैदानात. प्रत्येक टोकाला चार खांब: मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला की गोल, सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला की बिहाइंड, एक गुण. गोलपासून ५० मीटरवर एक कमान आखलेली असते. हल्ल्याची नेहमीची रीत म्हणजे या कमानीच्या आत उंच फॉरवर्डच्या दिशेने लांब किक मारायची. त्याने चेंडू हवेत स्वच्छ झेलला तर तो मार्क, आणि मग निवांत नेम धरून किक. पण बचाव करणारेही तेवढेच उंच असतात आणि मूठ मारून चेंडू खाली पाडण्यात तरबेज असतात. चेंडू जमिनीवर पडला की उंच माणसांचं काम संपतं आणि १७५ सेंटिमीटरच्या आसपासच्या माणसाचं सुरू होतं.

आता दोन गोलांची अट. ती ज्यांना लागू करायची त्यांच्यापासूनच सुरुवात करू. एडी बेट्स. कार्लटन आणि ॲडलेडकडून ३५० सामने, ६४० गोल. सरासरी १.८३. म्हणजे गेल्या दोन दशकांतला सर्वांत लाडका छोटा फॉरवर्ड, २०१५ ते २०१७ अशी सलग तीन वर्षं ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या, संघात निवडला गेलेला, या अटीत नापास. सिरिल रिओली: हॉथॉर्नकडून १८९ सामने, २७५ गोल. सरासरी दीडसुद्धा नाही. त्याच्या नावावर २००८, २०१३, २०१४ आणि २०१५ अशा चार प्रीमियरशिप, म्हणजे लीगची विजेतेपदं, आहेत. सेंट किल्डाचा स्टीफन मिल्न मात्र अट पार करतो: २७५ सामन्यांत ५७४ गोल. त्याला एकही प्रीमियरशिप मिळाली नाही. यात मिल्नचा काही दोष नाही. तो उत्तम फॉरवर्ड होता. पण गोलांची सरासरी आणि संघाचं यश यांचं नातं दावा करणारे समजतात तितकं सरळ नाही, एवढं यातून दिसतं.

ही दोन गोलांची कल्पना मुळात आली उंच फॉरवर्डकडून. लान्स फ्रँकलिनचे ३५४ सामन्यांत १०६६ गोल, म्हणजे सामन्याला तीन. जॅक रीवोल्डचे ३४७ सामन्यांत ७८७. संघाची अख्खी चाल त्यांना शोधत येते, चेंडू त्यांच्या नावाने मारला जातो. कोलमन मेडल, म्हणजे मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्याचं पदक, बहुधा अशाच खेळाडूंकडे जातं. लहान चणीच्या माणसाने गोलांची यादी जिंकल्याचं उदाहरण शोधायला १९७५ पर्यंत मागे जावं लागतं, तेव्हाचा ली मॅथ्यूज, आणि तो तर मैदानभर फिरणारा रोव्हर होता. छोट्या फॉरवर्डच्या वाट्याला येतो तो पडलेला, निसटलेला, कुणाच्याच नावाचा नसलेला चेंडू. आधी तो मिळवायचा, मग अर्ध्या सेकंदात ठरवायचं की स्वतः मारायचा की मोकळ्या साथीदाराला द्यायचा. तो दिला तर गोल दुसऱ्याच्या नावावर जातो.

हे सगळं एका मोसमात स्वच्छ दिसलं: २०१७, रिचमंड. प्रशिक्षक डेमियन हार्डविकच्या त्या संघात पुढच्या फळीत खऱ्या अर्थाने उंच असा एकटा रीवोल्ड होता. त्याच्या पायाशी डॅनियल रिओली, डॅन बटलर, जेसन कास्टान्या असे बुटके, वेगवान, सतत धावणारे गडी. तज्ज्ञांना हे तेव्हा तुटपुंजं वाटत होतं. ग्रँड फायनलला, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्याला, समोर ॲडलेड, त्या मोसमातला सर्वाधिक गुण करणारा संघ. पहिल्या क्वार्टरनंतर ॲडलेड पुढेही होता. शेवटी निकाल लागला रिचमंड १०८, ॲडलेड ६०. रिचमंडची १९८० नंतरची पहिली प्रीमियरशिप.

त्या दिवशी रिचमंडच्या कमानीच्या आत काय होत होतं ते नीट पाहायला हवं. लांब किक आली, रीवोल्डने झेलला तर उत्तम, नाहीतर निदान खाली पाडला. ॲडलेडच्या बचावपटूने उचलला तर पुढच्या क्षणी एक अंगावर, दुसरा वाटेत, तिसरा त्याने जिकडे किक मारावी त्या जागेवर. चेंडू हातात असताना पकडला गेला तर होल्डिंग द बॉल, म्हणजे गोलसमोरच फ्री किक. नाही पकडला गेला तरी घाईघाईत मारलेली किक मध्यावर थांबलेल्या रिचमंडच्या माणसाच्या छातीवर, आणि चेंडू पुन्हा आत. हल्ला एकदाच आला पण संधी तीनदा मिळाली. तिसऱ्या संधीवर जो गोल झाला तो कुणा मिडफिल्डरच्या नावावर लागला असेल. पण ज्याने पहिल्या दोन वेळा चेंडू बाहेर जाऊ दिला नाही, त्याच्या गोलांच्या रकान्यात त्या चालीतून काहीच जमा झालं नाही.

बेट्स त्याच दिवशी ॲडलेडकडून खेळत होता, चार्ली कॅमेरूनही. ते चमकले नाहीत म्हणून पुष्कळ बोललं गेलं. अहो, पण ज्या संघाचा चेंडू आपल्या बचावातूनच बाहेर निघत नाही, त्याच्या पुढच्या फळीने कुणाच्या जिवावर गोल मारायचे?

क्रिकेटवाल्या वाचकांना हे पटायला जड जाऊ नये. नाशिकच्या बापू नाडकर्णींनी १९६४ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग २१ निर्धाव षटकं टाकली. पृथक्करण ३२-२७-५-०. विकेटच्या रकान्यात शून्य, आणि तरीही एका टोकाने धावा बंद होणं म्हणजे काय, हे फलंदाजांना तेव्हा नक्की कळलं असणार.

यावरच दाव्याचा पुढचा तुकडा येतो: टॅकल-प्रेशरचे आकडे म्हणजे बहाणे. इथे मी थोडं मान्य करतो. टॅकलची अधिकृत नोंद १९८७ पासून होते, आणि नुसता टॅकलचा आकडा खरंच फसवा असतो. संघाकडे चेंडू कमी असला की टॅकल आपोआप वाढतात, त्यामुळे हरणाऱ्या संघाच्या माणसाचा आकडाही फुगतो. मैदानाच्या मध्यावर केलेला आणि गोलसमोर केलेला टॅकल कागदावर सारखाच दिसतो. काही जण टीव्हीवर धावताना छान दिसतात, पण पोहोचत कधीच नाहीत. हे सगळं खरं.

पण त्यावर उपाय अधिक बारकाईने मोजण्याचा आहे. मोजणंच सोडून गोलांकडे परत जाण्याने काय साधणार? चॅम्पियन डेटा ही लीगची आकडेवारी ठेवणारी कंपनी आज नेमकं तेच करते. प्रत्यक्ष पकडणं, अंगाजवळ येऊन ठेपणं, मागून पाठलाग करणं, वाट अडवून उभं राहणं, या प्रत्येकाला वेगळं वजन दिलं जातं. कमानीच्या आतले टॅकल वेगळे मोजले जातात. गुण मिळालेल्या चालीत कोणाकोणाचा हात लागला होता तेही मोजतात. हे आकडे पाहा, आणि त्याहून साधी गोष्ट डोळ्यांनी पाहा: चेंडू जमिनीवर पडल्यानंतरच्या पुढच्या वीस सेकंदांत तो कुठे गेला? समोरचा संघ आरामात तीन हातपास करून बाहेर पडत असेल, तर दोन गोल मारणारा छोटा फॉरवर्डही तुम्हाला महाग पडतोय. त्याचे बारा गुण फलकावर दिसतात. त्याने न केलेल्या पाठलागातून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेलेल्या गुणांसाठी मात्र आपण बचावपटूच्या नावाने खडे फोडून मोकळे होतो.

हॉथॉर्नचा पॉल पुओपोलो या कामाचा नमुना. नॉरवूडकडून दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये खेळून उशिरा ड्राफ्टमध्ये आलेला, गोलांची सरासरी सामन्यामागे एकाच्या आसपास. २०१३, २०१४, २०१५ या तिन्ही प्रीमियरशिप संघांत तो होता. ॲलिस्टर क्लार्कसनसारखा प्रशिक्षक तीन वर्षं ग्रँड फायनलला एका खेळाडूची चैन करत होता, असं म्हणायचं का?

नशिबाचा मुद्दा. चेंडू लांबट आहे, कसाही उसळतो, हे मान्यच. २०१० च्या ग्रँड फायनलच्या अखेरीस लेनी हेजची किक गोलच्या तोंडाशी पडली, मिल्न तिच्यामागे धावत होता, आणि चेंडू त्याच्यापासून आडवा वळून बिहाइंडमध्ये गेला. कॉलिंगवूड ६८, सेंट किल्डा ६८. बरोबरी झाली, पुढच्या आठवड्यात सामना पुन्हा खेळला गेला आणि कॉलिंगवूड जिंकलं. तो टप्पा दुर्दैवी होता यात शंका नाही. पण त्या क्षणी, त्या दमलेल्या पायांनी, सर्वांच्या पुढे चेंडूपाशी मिल्न का होता? तिथे असणं हे कसब आहे. टप्पा एखाद्या दिवशी दगा देतो, पण पाचशे चौऱ्याहत्तर वेळा नशीब साथ देत नाही. बेट्सला वर्षातल्या सर्वोत्तम गोलचा मान चार वेळा मिळाला: २००६, २०१५, २०१६, २०१९. पहिल्या आणि चौथ्यामध्ये तेरा वर्षं आहेत. ॲडलेड ओव्हलच्या एका कोपऱ्यातून, सीमारेषेला खेटून, जवळजवळ शून्य अंशातून तो इतक्यांदा गोल करत राहिला की लोक त्या कोपऱ्याला 'एडीज पॉकेट' म्हणू लागले.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. छोट्या फॉरवर्डमधले कितीतरी थोर खेळाडू आदिवासी समाजांतले आहेत: कॅलगुर्लीत वाढलेला बेट्स, तिवी बेटांचं नाव सांगणारं रिओली घराणं. त्यांच्या खेळाला 'जादू' म्हणण्याची समालोचकांना जुनी सवय आहे. कौतुकानेच म्हणतात. पण जादू म्हटलं की सराव, अंदाज, जागा घेण्याची अक्कल, चौथ्या क्वार्टरमधली दमछाक, सगळं झाकलं जातं. मग तोच माणूस एक सामना शांत गेला की 'आळशी' ठरतो. याच बेट्सवर २०१६ मध्ये ॲडलेड ओव्हलला प्रेक्षकांतून केळं फेकलं गेलं. त्याच्या कष्टाला कष्ट म्हणणं ही निदान आपण देऊ शकतो अशी गोष्ट आहे.

मोठ्या सामन्यात दिसत नाहीत, या मुद्द्यावर फार वेळ घालवायची गरज नाही. ग्रँड फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूला नॉर्म स्मिथ मेडल मिळतं, १९७९ पासून. १९८० मध्ये ते केव्हिन बार्टलेटला मिळालं, सात गोल. आयुष्यभर रोव्हर असलेला हा लहानखुरा माणूस तेव्हा पुढे खेळत होता. २०१५ मध्ये सिरिल रिओलीला, दोनच गोल असताना. २०२३ मध्ये कॉलिंगवूडच्या बॉबी हिलला, चार गोल, आणि कॉलिंगवूड जिंकलं ९० विरुद्ध ८६ असं चार गुणांनी. आदल्या वर्षी कर्करोगाच्या उपचारांतून गेलेला हा मुलगा. २००८ चा सिरिल आठवा: वय १९, पहिलाच मोसम, ग्रँड फायनल, समोर जीलाँगसारखा बलाढ्य संघ, आणि एकट्याने लागोपाठ टॅकल करत त्याने मिळवलेली ती फ्री किक. त्यात गोल नव्हता. हॉथॉर्नच्या माणसाला आजही तो प्रसंग विचारून पाहा.

उरला स्वस्ताईचा मुद्दा. हे खरं की ल्यूक ब्रूस्ट रूकी यादीतून, म्हणजे मुख्य ड्राफ्टमध्ये न निवडलेल्यांच्या यादीतून, आला, टॉम पॅपलीही. बेट्सला कार्लटनने मुख्य ड्राफ्टमधून नव्हे तर प्री-सीझन ड्राफ्टमधून घेतलं. टायसन स्टेंगल जीलाँगकडे आला तेव्हा त्याच्यासाठी एकही पिक, म्हणजे ड्राफ्टमधली निवडीची पाळी, द्यावा लागला नाही. आणि २०२२ च्या पहिल्याच मोसमात त्याने ५३ गोल केले, ऑल-ऑस्ट्रेलियन झाला, ग्रँड फायनलला चार गोल मारले. यावरून दावा करणारे म्हणतात, बघा, कुणीही चालतो. मला नेमकं उलट दिसतं. ब्रूस्टने पाचशेहून अधिक गोल केले आणि तीन प्रीमियरशिप जिंकल्या. त्याच्यासोबत रूकी यादीत आलेल्यांपैकी कितीजणांची नावं आज कुणाला आठवतात? चपळ पोरगे ढिगाने मिळतात, यात वाद नाही. ब्रूस्ट ढिगाने मिळत नाही. तो स्वस्तात मिळाला कारण अठराव्या वर्षी उंची आणि उडी मोजता येते, पण गर्दीत पडणाऱ्या चेंडूचा अंदाज कुठल्याच चाचणीत मोजता येत नाही. ज्या क्लबांना हे उमगलंय ते आता पूर्ण भाव मोजायला तयार असतात. २०२२ च्या अखेरीस आयझॅक रँकिनसाठी ॲडलेडने गोल्ड कोस्टला ड्राफ्टमधला पाचव्या क्रमांकाचा पिक देऊन टाकला.