काका, किल्लारीत माळवदं कोसळली होती

औशाच्या काकांनी काल घरच्या ग्रुपवर तोच मेसेज टाकला. अलास्कातलं ‘हार्प’ केंद्र म्हणे रेडिओलहरींनी भूकंप घडवतं, पाऊस पळवतं, माणसांच्या डोक्यात विचार घालतं. आणि किल्लारी हा त्याचा पहिला प्रयोग.

आधी किल्लारी, कारण डोकं तिथंच तापलं. भूकंप झाला 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, विसर्जनाची रात्र सरताना. हार्पच्या पहिल्या 18 ॲंटेना तयार झाल्या 1994 मध्ये. खरं तर विषय इथंच संपला. तरी आज असलेल्या 180 ॲंटेना धरू. त्यांची ताकद 3.6 मेगावॉट. 6.2 तीव्रतेच्या भूकंपाच्या लाटांमधून जेवढी ऊर्जा बाहेर पडते, तेवढी जमवायला हे यंत्र वर्षभराहून जास्त अखंड चालवावं लागेल. शिवाय त्याचा मारा आकाशाकडे. या लहरी ओल्या जमिनीत काही मीटरांतच विरतात. माणसं गेली ती मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली, माळवदावरच्या, म्हणजे सपाट छपरावरच्या, हातभर मातीखाली. काका, ते ढिगारे तुम्ही स्वतः उपसलेत!

पावसाचं उत्तर हार्प चालवणाऱ्या अलास्का फेअरबँक्स विद्यापीठानंच देऊन ठेवलंय: हवामान जिथं घडतं त्या खालच्या थरांत या लहरी शोषल्याच जात नाहीत. ढग दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत, हार्पचं काम त्याच्या कितीतरी वर. डोक्यातल्या विचारांबद्दल मी बोलत नाही.

एक मात्र कबूल. हे केंद्र अमेरिकी हवाईदल, नौदल यांच्या पैशातून उभं राहिलं. विद्यापीठाकडे आलं 2015 मध्ये. त्यामुळे संशयाला जागा होती. आणि ते आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित थराचा, एक तुकडा थोडा वेळ तापवतं, हेही खरं. यंत्र बंद केलं की सूर्याच्या जोरापुढे तो परिणाम पुसला जातो. हा खटाटोप कशासाठी, तर शॉर्टवेव्हच्या लहरी याच थरावरून परतून हजारो किलोमीटर जातात, आणि हा थर दिवसरात्र बदलत असतो. काका, तुमच्या मर्फीच्या रेडिओवर रेडिओ सिलोन हेलकावे खात यायचं ना? मध्येच गाणं बुडायचं, पुन्हा वर यायचं? ते या थराचंच काम.

ग्रुपमध्ये आत्याही आहे. तिची सासू त्या पहाटे भिंतीखाली गेली. मेसेज काढा.