पत्र अडकलं प्लेगमुळे, पण वाट कुणी बदलली?

नमस्कार. तुम्ही नाटक हाताशी ठेवून प्रतिक्रिया लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप दोन. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये वैरी घराण्यांतल्या या दोघांचं गुपचूप लग्न लावणाऱ्या फ्रायर (ख्रिस्ती साधू) लॉरेन्सला मी पहिल्या लेखात, त्यांच्या मरणासाठी, उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. ज्युलिएट मेलेली नाही, औषधाने निजली आहे, हे रोमिओला कळवणारं त्याचं पत्र प्लेगमुळे अडकलं, त्यात त्याचा काय दोष? आणि ज्युलिएटच्या दाईला मात्र मी अलगद सोडून दिलं. दुसरा आक्षेप मान्य. पहिला नाही.

तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश पुन्हा वाचा. व्हेरोनातून हद्दपार झाल्याने खचलेल्या रोमिओला लॉरेन्स शब्द देतो: तू मांटुआ शहरात राहा, मी तुझ्या माणसाला गाठीन, इकडचं चांगलं वर्तमान तो तुला वेळोवेळी कळवील. म्हणजे निरोपाची वाट ठरली. पण चौथ्या अंकात ज्युलिएटला मेल्यासारखं निजवणाऱ्या औषधाची कुपी देताना तोच म्हणतो, पत्र एका साधूबरोबर धाडतो. वाट बदलली, आणि रोमिओच्या माणसाला, बाल्थझारला, कुणी काही कळवलं नाही. तो ज्युलिएटला तिच्या घराण्याच्या, कॅप्युलेटांच्या, थडग्यात ठेवताना बघतो आणि तडक मांटुआ गाठतो. रोमिओ त्याला एकदा नव्हे, दोनदा विचारतो: फ्रायरची पत्रं नाही आणलीस? बिचारा ठरलेल्या वाटेकडेच डोळे लावून बसला होता! त्या वाटेने आली ती मरणाची बातमी.

आता प्लेग. पत्र नेणारा फ्रायर जॉन सोबतीला आपल्याच पंथाचा साधू शोधत गेला. तो होता आजाऱ्यांच्या सेवेत. संसर्गाच्या संशयावरून तपासनिसांनी दोघांना घरात कोंडून दारं बंद केली. पत्र व्हेरोनाबाहेर पडलंच नाही, आणि भीतीपोटी ते परत पोचवायलाही कुणी तयार होईना. हे दुर्दैवच. पण औषधाचा अंमल 42 तासांचा, पत्र एक, नेणारा एक, आणि पोच मिळायची वाट बघायची सोयच नाही. त्यात ज्युलिएटच्या बापाने, कॅप्युलेटने, पॅरिस या स्थळाशी ठरवलेलं तिचं लग्न गुरुवारवरून बुधवारवर आणलं, म्हणून कुपी एक रात्र आधीच रिकामी झाली. एवढ्या कमी उसंतीत जॉनचा घोडा जरी लंगडा झाला असता तरी हाच शेवट झाला असता.

आपल्याकडे विश्वनाथाने 'साहित्यदर्पण' या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात दूताचे तीन प्रकार सांगितलेत: निसृष्टार्थ, मितार्थ आणि संदेशहारक. दोन्ही पक्षांचं मन ओळखून जो स्वतःच कार्य तडीस नेतो तो निसृष्टार्थ; सांगितला तेवढाच निरोप पोचवतो तो संदेशहारक. लॉरेन्स तोच आहे. शिवाय या लग्नातून दोन घराण्यांचं वैर मिटवायचं हा त्याचा स्वतःचा हेतूही त्यात आहे. एवढा अधिकार घेतला की जबाबदारीही संदेशहारकापेक्षा मोठी, एवढंच माझं म्हणणं.

दाईबद्दल तुमचं बरोबर आहे. ती नऊला निघते, अर्ध्या तासात येते म्हणते, उगवते बारानंतर, आणि वर हाडं दुखतात म्हणत पोरीला ताटकळत ठेवते. हे सगळं लाडाचं. दोराची शिडी तिनेच आणली, ज्युलिएटची अंगठी रोमिओला तिनेच नेऊन दिली. पण रोमिओ हद्दपार झाल्यावर हीच सांगते, पॅरिसशी लग्न कर, त्याच्यापुढे रोमिओ म्हणजे भांडी पुसायचं फडकं. त्या एका वाक्याने ज्युलिएटचं मन तिच्यासाठी कायमचं मिटतं. म्हणून कुपीचं गुपित दाईला ठाऊकच नाही, आणि सकाळी उठवायला आल्यावर ती फोडते तो हंबरडा खरा आहे. घरातलं एकमेव आपलं माणूस असं तुटलं. मी पहिल्या लेखात हे लिहायला हवं होतं.

शेक्सपिअरने ज्याच्यावरून कथा घेतली त्या आर्थर ब्रूकच्या 1562 च्या काव्यात दाईला, लग्न लपवल्याबद्दल, म्हातारपणी हद्दपारीची शिक्षा होते. नाटकात व्हेरोनाचा सत्ताधीश प्रिन्स लॉरेन्सला पवित्र माणूस म्हणतो आणि शिक्षेचं मोघम ठेवतो. दाई त्या प्रवेशात दिसतही नाही. लॉरेन्स कबुलीजबाबात तिचा उल्लेख करतो तो एवढाच, की या लग्नाची तिला माहिती होती.